मागच्या बाकावरून

प्रौढांचा वर्ग ओळखावा तो दाराबाहेरच्या चपलांवरून. मुले वर्गात शिरताना चपला कशाही भिरकावतात. एक इकडे, एक तिकडे, आणि सुटताना कुणाची तरी दुसऱ्याच्याच पायात जाते. मोठी माणसे मात्र त्या नीट जोडीने काढतात, आणि पुष्कळदा तोंडे रस्त्याकडे करून ठेवतात. वर्गात काही अवघड निघाले, कुणी हसले, कुणी ओळखीचे दिसले, तर मागे वळून पायात सरकवायला सोपे जावे! मला हे प्रथम कुणी दाखवून दिले नसते, तर कधीच लक्षात आले नसते. ज्यांनी दाखवले त्या गुरुजींविषयी, आणि त्यांच्यासारख्या आणखी दोघातिघांविषयी, आज लिहावे असे मनात आहे.

आमच्या धाराशिवात एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत संध्याकाळी सात ते साडेआठ इंग्रजीचा वर्ग भरतो. (सरकारदप्तरी हे गाव २०२३ पर्यंत उस्मानाबाद होते; बोलण्यात मात्र दोन्ही नावे भावाभावांसारखी नांदत, आणि एस.टी.च्या रांगेतला म्हातारा आजही कोणते नाव घेईल ते सांगता येत नाही.) फी नाही, प्रमाणपत्र नाही. २०२१ च्या दिवाळीनंतर मी तिथे शिकवायला जावे असे ठरले. मला इंग्रजी येत होते, एवढेच माझे भांडवल. वर्ग चालवणाऱ्या गुरुजींनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, "तीन महिने मागच्या बाकावर बसा. काही बोलू नका."

मी म्हटले, "गुरुजी, व्याकरण मला येतं."

"तुम्हाला इंग्रजी येतं, ते दिसतंच आहे," गुरुजी म्हणाले. "यांना ते का येत नाही, हे तुम्हाला येतं का?"

यावर उत्तर नव्हते. मी वही घेऊन मागे बसलो.

गुरुजी ऐंशी ओलांडलेले. त्यांचे बालपण निजामाच्या राज्यात गेले. शाळेत अलिफ-बे गिरवावे लागे आणि कचेरीचा सारा कारभार उर्दूत. हैदराबादेस १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठ तर वरपर्यंतचे शिक्षण उर्दूतून देणारे, त्या काळातले मोठेच धाडस. इंग्रजी तिथे एक सक्तीचा विषय म्हणून उरली होती. गुरुजींचे वडील तहसिलीत कारकून. उर्दूत त्यांचा हात असा चाले की लोक अर्ज लिहून घ्यायला घरी येत. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, निजामी संपली, गावात आनंदीआनंद झाला. आणि त्या आनंदात हळूहळू कचेरीतली उर्दू मागे पडून इंग्रजी पुढे आली. गुरुजी एकदा मला म्हणाले, "स्वराज्य आलं त्याचे पेढे आमच्या वडिलांनीच वाटले. आणि चाळिशीत ते निरक्षर झाले."

मग वडील रात्री कंदील बारीक करून मुलाचेच इंग्रजीचे पुस्तक घेऊन बसत. मुलगा झोपला असे समजून ते ओठातल्या ओठात शब्द जुळवीत. मुलगा झोपलेला नसे. एकदा शब्द अडला की वडील पुढचे पान उलटत नसत; तिथेच बोट ठेवून बसून राहत. सकाळी शाळेला निघताना ते सहज विचारल्यासारखे करीत, "अरे, तुमच्यात 'थ्रू'चा उच्चार कसा करतात?" मुलाने सांगायचे, पण तेही सहज सांगितल्यासारखे. मोठ्या माणसाला कसे शिकवावे याचा गुरुजींचा पहिला धडा तो. पुढे त्यांनी बी.एड. केले, तिथले आदर्श पाठ आणि सराव पाठ सगळे पाहिले. पण अंथरुणात डोळे मिटून जे पाहिले त्याची सर कशालाच आली नाही, असे ते म्हणत.

शिकवण्याची त्यांची रीत जुनी, तर्खडकरी. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कितीएक पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य घ्यायचे आणि त्याचे इंग्रजी करायचे. आजकालच्या शास्त्राला ही रीत मान्य नाही. परकी भाषा त्याच भाषेतून शिकवावी, मध्ये मातृभाषा आणू नये, असे पुष्कळ पंडित सांगतात. मी त्या मताचा होतो. पण गुरुजींचा शब्दयोगी अव्ययांचा पाठ पाहिला आणि मत जरा सैल झाले. फळ्यावर त्यांनी 'घरात' असे लिहिले आणि खाली 'इन द हाऊस'. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपण आधी घर सांगतो, मग आत जातो. इंग्रज आधी आत शिरतो, आणि मग कुठं शिरला ते सांगतो."

सारा वर्ग हसला. पाठीमागून एक शिपाईमामा म्हणाले, "म्हंजे नळदुर्गात शिरला तसा!" आणि गुरुजींनी तो धागा सोडला नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडाबरोबर हा मुलूखही इंग्रजांनी आपल्या कारभाराखाली घेतला, तेव्हा नळदुर्गास बसून तो पाहणारा मेडोज टेलर. ठगाची कादंबरी लिहिणारा तो हाच. टेलर हिंदुस्थानी उत्तम बोले. गुरुजी म्हणाले, "तोही कधीतरी मोठेपणीच शिकला असेल. 'घर में' म्हणताना त्यालाही आधी बाहेर थांबावं लागलं असेल की नाही?" १८६० मध्ये हा मुलूख निजामाला परत मिळाला, पण शिपाईमामांना 'इन', 'ऑन', 'अंडर' कायमचे मिळून गेले. साहेबालाही आपली भाषा उलटी वाटली असेल, या एका कल्पनेने त्यांची भीती निम्मी झाली असावी.

गुरुजींचे मी मुख्य जे टिपून घेतले ते त्यांचे थांबणे. प्रश्न विचारला की ते खडू खाली ठेवीत, हात पुसत, खिडकीबाहेर पाहत. ज्याला विचारले त्याच्याकडे पाहत नसत. एकदा मी घड्याळ लावले. पंचेचाळीस सेकंद गेले. वर्गात पंचेचाळीस सेकंदांची शांतता म्हणजे केवढी ती शिकवून पाहिल्याशिवाय कळायची नाही. उत्तर मात्र येई.

याच्या अगदी उलट असा एक पाठही मी पाहिला. गावात स्पर्धापरीक्षांचे वर्ग आहेत; त्यांपैकी एकात ओळखीने तासभर बसलो. पत्र्याची लांब खोली, शंभरावर मुले-मुली, ध्वनिक्षेपक. शिकवणारा तरुण विलक्षण हुशार. त्याच्यापाशी प्रत्येक नियमाला एक युक्ती होती आणि प्रत्येक युक्तीला एक विनोद. तलाठी भरतीच्या परीक्षेत १०० प्रश्न, त्यांतले २५ इंग्रजीचे, दर प्रश्नाला दोन गुण. तिथे विचार करायला सवड कुठली? खुणेवरून उत्तर ओळखायचे आणि पुढे जायचे. याला नावे ठेवायची अनेकांना हौस असते. मला ती नाही. कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यात एका नोकरीवर एक घर उभे राहते, आणि त्या तरुणाच्या युक्त्यांनी अशी घरे उभी राहिली असतील. फक्त त्या तासात एकाही विद्यार्थ्याने तोंडातून एक इंग्रजी वाक्य काढले नाही, एवढी नोंद माझ्या वहीत आहे.

आता बाईंविषयी. आठवड्यातले तीन दिवस गुरुजी आणि तीन दिवस बाई. बाई माध्यमिक शाळेत शिकवत, आणि दिवसभराचे तास घेऊन पुन्हा संध्याकाळी येत. आवाज बारीक, अंगावर साधे सुती पातळ, हातात फक्त एक खडू, पुस्तक नाही. त्यांचा 'अ' आणि 'द' यांचा पाठ मी तीन वेळा पाहिला, आणि तिन्ही वेळा मला तो नवा वाटला.

मराठीला ही उपपदे नाहीत. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा नमुना त्यांच्यापुढे होता. तरीही जे मराठीत नाही ते कुठून आणणार? रेन आणि मार्टिन यांच्या जाडजूड व्याकरणात 'द' कुठे लावावा याचे नियम पानेच्या पाने आहेत, आणि पाठ करून माणूस अधिकच गोंधळतो. बाईंनी नियम एकही सांगितला नाही. त्या म्हणाल्या, "मला एक गोष्ट सांगा. एक होता राजा. पुढं?"

"राजाला होत्या दोन राण्या," वर्ग म्हणाला.

"थांबा. पहिल्यांदा 'एक राजा' म्हणालात. दुसऱ्यांदा 'एक' कुठं गेला?"

वर्ग गप्प. मग कोपऱ्यातून कुणीतरी म्हणाले, "आता तो ओळखीचा झाला की, बाई."

"झालं तर," बाई म्हणाल्या. "अनोळखी राजाला 'अ'. ओळखीच्या राजाला 'द'."

इतकी वर्षे इंग्रजी वाचून मला जे माहीत होते ते असे कुणी माझ्याच आजीच्या गोष्टीतून काढून दाखवील, असे वाटले नव्हते. ही युक्ती सगळीकडे पुरत नाही हे खरे; सूर्याला पहिल्यापासूनच 'द' का, असे पुढच्याच तासाला एकाने विचारले. बाई म्हणाल्या, "सूर्य कुणाला अनोळखी आहे?"

दुसरी गोष्ट चालू वर्तमानकाळाची. पुस्तकात 'आय अ‍ॅम गोइंग' म्हणजे 'मी जात आहे'. आता 'मी जात आहे' असे धाराशिव जिल्ह्यात कोण बोलते? रेडिओ बोलतो. आमच्याकडे माणूस 'जायलो' म्हणतो, 'जेवायलो', 'बसायलो'. ती 'सयपाक करायली' असते आणि लेकरे 'खेळायलीत'. पुणेरी कानांना हे खटकते आणि मराठवाड्यातली पोरे वसतिगृहात गेली की पहिल्या महिन्यात हे बोलणे टाकून देतात. बाईंनी वर्गाला विचारले, "जेवताना फोन आला तर काय म्हणता?" सगळे म्हणाले, "जेवायलो." "आणि रोज किती वाजता?" "नवाला जेवतो." फळ्यावर दोन रकाने पडले: 'जेवायलो' म्हणजे 'आय अ‍ॅम ईटिंग', 'जेवतो' म्हणजे 'आय ईट'. जे बोलणे शाळेने अशुद्ध म्हणून खोडून काढले तेच इथे इंग्रजीची किल्ली म्हणून फळ्यावर चढले, तेव्हा त्या माणसांचे चेहरे मी मागून पाहू शकलो नाही. पाठी मात्र ताठ झालेल्या दिसल्या. मागच्या बाकावरून पाठीच दिसतात. त्यांवरूनही पुष्कळ कळते.

त्या वर्षी वर्गात अंगणवाडीच्या सातआठ ताई येऊ लागल्या होत्या, त्याला कारणही तसेच घडले होते. २०२१ साली सरकारने लेकरांची वजने, उंची, आहार यांच्या नोंदी 'पोषण ट्रॅकर' नावाच्या ॲपवर भरायला सांगितल्या, आणि ते त्या वेळी इंग्रजीत होते. राज्यभर सेविकांनी विरोध केला; मराठी द्या म्हणत सरकारी मोबाइल परत केले. गावोगावच्या या बायका, कुणी सातवी, कुणी दहावी. पंधरा-वीस वर्षे लेकरांना तराजूत घालणाऱ्या, आणि एका पडद्यापुढे त्यांना अडाणी ठरवले गेले. त्यांतल्या काही म्हणाल्या, भांडण चालू राहू दे, तोवर आपण ती भाषा तरी बघून ठेवू.

त्यांच्यापैकी एक ताई सास्तूरकडच्या. माहेरचे गाव भूकंपातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात जे झाले ते या जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड धाबे, झोपेतली माणसे त्याखाली हजारांनी गेली. ताई तेव्हा सहावीत होत्या. त्यांची शाळा त्या दिवशी सुटली ती सुटलीच.

बाई एकदा भूतकाळ शिकवत होत्या. 'इज'चे 'वॉज'. प्रत्येकाने आपल्या लहानपणच्या घराबद्दल एक वाक्य सांगायचे. शिपाईमामांचे घर 'स्मॉल' होते, कुणाचे 'नियर रिव्हर' होते. पाळी ताईंवर आली. त्या उभ्या राहिल्या (बसूनच सांगा म्हटले तरी त्या उभ्या राहत) आणि म्हणाल्या, "माय हाऊस वॉज स्टोन."

वाक्य चुकले होते. माझ्या वहीत मी सवयीने लिहूनही टाकले की इथे एक शब्द हवा. पुढच्या बाकावरच्या एका हुशार मुलीने तोंड उघडले होते. बाईंनी नुसता हात जरासा वर केला आणि ती थांबली. बाई काही बोलल्या नाहीत. गुरुजींसारख्या खिडकीबाहेरही पाहिल्या नाहीत. ताईंकडेच पाहत राहिल्या. ताई पुन्हा म्हणाल्या, "वॉज." फक्त तेवढेच. आणि बसल्या.

"येस," बाई हळू म्हणाल्या. "इट वॉज अ स्टोन हाऊस."

आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. पंधरा मिनिटांनी, भूतकाळातली दुसरीच वाक्ये चालली असताना, ताईंनी आपल्या वहीत लिहिले ते मी जाताना पाहिले. 'इट वॉज अ स्टोन हाऊस.' 'अ'सुद्धा होता.

चूक दुरुस्त न करता दुरुस्त वाक्य नुसते परत देणे, याला शिक्षणशास्त्रात नाव आहे आणि त्यावर प्रबंध आहेत. मी ते पुढे वाचले. पण त्यांत हात किती वर करायचा आणि किती वेळ थांबायचे हे लिहिलेले नसते.

तिसऱ्या महिन्यात गुरुजी मला तेरला घेऊन गेले. तेर म्हणजे गोरोबाकाकांचे गाव, धाराशिवापासून जवळ. समाधीचे दर्शन घेऊन आम्ही नदीकाठी बसलो. तिथली कथा सगळ्यांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी गोरोबांना सांगितले, यांतली मडकी कच्ची कोणती, पक्की कोणती, ते पाहा. गोरोबांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. सगळे शांत बसले. नामदेव तेवढे रागावले. मडके कच्चे ठरले. मग ते विसोबा खेचरांकडे गेले आणि गुरू करून आले.

गुरुजी म्हणाले, "काकांची परीक्षा खरीच होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सगळ्यांदेखत थापटलं, हे मला अजून पटत नाही. नामदेव म्हणून ते विसोबांकडे गेले. आपल्या वर्गातला माणूस थापटला, तर तो चपला घालून घरी जातो आणि परत येत नाही."

तेव्हा माझ्या ध्यानात आले की तीन महिन्यांत त्या वर्गात रांगेने प्रश्न विचारलेला मी पाहिला नव्हता. भूतकाळाच्या त्या दिवशीसुद्धा बाईंनी आधी "ज्याला सांगायचंय त्यानं" असेच म्हटले होते. पाळी ही माणसांनी आपली आपण लावून घेतली होती. न्यायमूर्ती रानड्यांनी आपल्या पत्नीला, रमाबाईंना, लिहावाचायला आणि पुढे इंग्रजी शिकवले. घरातल्या बायकांनी त्यावरून रमाबाईंचा केवढा छळ मांडला, ते त्यांच्या १९१० साली निघालेल्या आठवणींत वाचायला मिळते. मोठेपणी शिकणाऱ्याला अभ्यासापेक्षा हे भोवतीचे डोळेच जड जातात. आमच्या ताईही सांगत, शेजारणीला कळू नये म्हणून त्या वही भाजीच्या पिशवीत घालून आणतात.

माझी पाळी आली ती शिवरात्रीच्या सुमारास. गुरुजींनी विषय दिला कर्मणी प्रयोग. सरकारी पत्रांत तोच सगळीकडे. कुणी काही केलेले नसते, सगळे 'केले गेलेले' असते. मी पुस्तक घरी ठेवले. फळ्यावर 'मी आंबा खाल्ला' असे लिहिले आणि विचारले, आंब्याऐवजी चिंच खाल्ली तर? "खाल्ली," वर्ग म्हणाला. खाणारा मीच, मग क्रियापद का बदलले? मग मी खडू खाली ठेवला. किती वेळ गेला ते ठाऊक नाही. मला तो फारच वाटला. शिपाईमामा म्हणाले, "क्रियापद चिंचंचं ऐकायलंय, तुमचं न्हाई." तिथून 'सबमिट' आणि 'सबमिटेड' यांपर्यंत यायला फार वेळ लागला नाही. ताईंनी विचारले, "म्हंजे ते 'सबमिटेड' आलं की मी केलं असं न्हाई, झालं असं हाय?" मी म्हटले, हो. "कुणी केलं ते त्यात न्हाईच?" नाही. त्या जरा हसल्या. "सरकारला बरं हाय."

पुढे त्या ॲपमध्ये मराठीही आली. सेविकांचे गाऱ्हाणे त्यापुरते मिटले, आणि आमच्या वर्गातल्या तिघीजणी यायच्या थांबल्या. सास्तूरच्या ताई थांबल्या नाहीत. आता कशाला, असे मी विचारले नाही. इतके तरी मागच्या बाकाने शिकवले होते.

मागच्या पावसाळ्यात त्यांनी गुरुजींनाच एक प्रश्न घातला. सर्वनामे चालली होती. 'वुई' म्हणजे 'आम्ही', गुरुजींनी लिहिले. आणि 'वुई' म्हणजे 'आपण'ही.

"दोन्हीला एकच?" ताई म्हणाल्या. "'आम्ही जेवायलो' म्हटलं की समोरचा उपाशी हाय. 'आपण जेवू' म्हटलं की तो पंगतीला हाय. मग इंग्रजीत तुम्ही त्यात हाव का न्हाई, ते समोरच्याला कळायचं कसं?"

गुरुजींनी खडू खाली ठेवला, हात पुसले, आणि खिडकीबाहेर पाहिले. मी घड्याळ पाहिले नाही. पुष्कळ वेळाने ते वळले.

"कळत नाही," गुरुजी म्हणाले. "विचारावं लागतं."